कानात सांगितलेलं नाव

१

शनिवारची दुपार प्रेमाची साफसफाईची. शाळेच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाने घरी यायचं, दोन घास पोटात ढकलायचे, पदर खोचायचा आणि घरावर तुटून पडायचं. तिच्या तावडीत सापडू नये म्हणून तिचा नवरा जयवंत नेमका याच वेळी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसायचा. घरात उरायची ती धाकटी लेक प्रांजल, आणि ती बाल्कनीतल्या पाट्यावर बसून पुस्तक वाचत असायची.

चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा भांडुपच्या जुन्या खोलीतून जे मोजकं सामान वर आलं, त्यात तो दगडी पाटा होता. वाटणं आता मिक्सरवर होत होती, पण सासूबाईंनी, म्हणजे सोनूबाईंनी, पाटा टाकू दिला नव्हता. पाट्यावर बसू नये म्हणतात. थोरला हर्षद लहानपणी बसला की त्या त्याच्या पाठीत धपाटा घालायच्या. प्रांजल बसली की मात्र म्हणायच्या, "बसांदे तिका. तिका चलता." नातीचे लाड, दुसरं काय! सोनूबाई जाऊनही आता वर्ष होऊन गेलं होतं.

टीव्हीखाली एक काळा डबा होता. हर्षदने रत्नागिरीला कॉलेजला जायच्या आधी तो बसवून दिला होता. घरातल्या सगळ्या फोनमधले फोटो त्यात आपोआप जायचे आणि फोन रिकामे व्हायचे. जुन्या कॅमेऱ्यातले, सीडीवरचे फोटोही त्याने त्यातच भरले होते. लग्न, वाढदिवस, गावचे गणपती, सगळा संसार त्या डब्यात. जयवंत त्याला तिजोरी म्हणायचा.

त्या शनिवारी डब्यावर लाल दिवा लागला आणि प्रेमाच्या फोनवर एक प्रश्न आला. डिस्क पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची का? खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं, पण चष्मा फ्रिजवर होता आणि हातात ओलं फडकं होतं.

"दादाला विचारू का गं?" प्रेमा म्हणाली.

प्रांजलने पुस्तकातून मान वर केली नाही. "दादानेच काल सांगितलंय. लाल दिवा आला की हो म्हणायचं. आई, हो म्हण."

प्रेमाने हो म्हटलं. दिवा हिरवा झाला. तिला बरं वाटलं, आणि तिने डब्यावरची धूळही पुसून घेतली.

२

"आई, वाट लागली," संध्याकाळी फोनवर हर्षद म्हणाला.

"अरे पण तूच सांगितलंस ना प्रांजलला?"

"मी? माझं तिच्याशी आठवडाभरात बोलणंसुद्धा नाही झालं. तसलं कोण सांगेल यार? खाली स्पष्ट लिहिलेलं असतं, सगळं जाईल म्हणून."

प्रेमा फोन ठेवून आत आली तेव्हा प्रांजल जेवत होती. खाली मान घालून, एका लयीत, एकेक घास.

"दादा म्हणतो त्याने काही सांगितलं नाही."

"मला वाटलं सांगितलं," प्रांजल म्हणाली आणि अजून एक भाकरी मागितली.

बारा वर्षांची पोर. चुकली असेल. आणि खरं सांगायचं तर या पोरीवर तिला रागावताच येत नसे. हर्षद तिचा लाडका, पण प्रांजल म्हणजे जीव. डोकं ठणकायला लागलं की ही मुलगी न सांगता मागून यायची आणि कपाळावर तळवा ठेवायची. ऐन मे महिन्यातही तो तळवा गार असायचा. दहा गोळ्यांनी उतरत नसे ते दुखणं त्या हाताने उतरायचं. पोर कधी आजारी पडली नाही, कधी हट्ट केला नाही. जरा जड हाडाची, एवढंच. ती शिरली की लिफ्ट कण्हते, अशी घरात थट्टा होती. दोघीच असल्या तरी कधीकधी लिफ्ट पीं पीं करून दार मिटायला नकार द्यायची, आणि मग प्रेमा हसत जिन्याने जायची.

त्या रात्री जयवंत खूप चिडला आणि मग ताट तसंच सोडून उठला. आईचे सगळे फोटो त्या डब्यात होते. प्रेमाला त्याच्याकडे बघवेना.

३

माणसाने हातपाय गाळून चालत नाही. हर्षदच्या सांगण्यावरून जयवंतने डबा अंधेरीला चंद्रप्रकाश नावाच्या माणसाकडे नेऊन दिला. पुसलेलं परत मिळवून देणं हा त्याचा धंदा. प्रेमाने नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं: आमचे सगळे फोटो गेले, कुणाकडे जे असेल ते पाठवा.

नातेवाईक एरवी गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात, पण वेळेला धावून आले. फोन दिवसभर टुंग टुंग वाजत राहिला. हर्षदच्या मुंजीत जयवंत सोवळं सावरतोय. सोनूबाई मालवणच्या घराच्या पायरीवर आवळे वाळत घालतायत. प्रेमा एकेक फोटो बघून रडत होती आणि हसत होती.

दोन-तीन दिवसांनी तिच्या एक गोष्ट लक्षात आली.

बालवाडीत गेल्यापासूनची प्रांजल फोटोंत होती. त्या आधीचीही होती, म्हणजे तिचं गाठोडं होतं. कुंची, दुपटं, झबलं, आणि आत तोंड नाही. सोनूबाईंच्या मांडीवर गाठोडं, त्यांचा पदर मध्ये आलेला. जयवंतच्या खांद्यावर गाठोडं, पाठमोरं. देवळातल्या फोटोत तर ती उभी राहण्याच्या वयाची असायला हवी होती, तिथेही सोनूबाईंच्या कडेवर दुपटंच. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या फोननी काढलेले फोटो. एकालाही बाळाचं तोंड टिपता येऊ नये?

"लहान मुलं हलतात गं," जयवंत म्हणाला. "आणि आई तर दृष्ट लागेल म्हणून कुणाला फोटो काढूच द्यायची नाही. विसरलीस?"

ते खरंच होतं. प्रेमाने मान डोलावली. पण मन चिंती ते वैरी न चिंती. भाजी चिरताना, शाळेत दाखले लिहिताना ती आठवायला बघायची: तान्ही प्रांजल दिसायची कशी? हर्षदचं बोळकं, त्याची हनुवटीवरची खळी तिला लख्ख आठवत होती. प्रांजलचा विचार केला की मांडीवरचं वजन आठवायचं. चेहरा आठवायचा तो बालवाडीतला.

आणि मग, नको नको म्हणत असताना, तो दुसरा प्रश्न डोकं वर काढायचा. पोरीने हो म्हण असं का सांगितलं?

४

प्रेमाने नणंदेला फोन लावला. शुभाताई घाटकोपरला राहायच्या. प्रांजलच्या बारशाला आत्या म्हणून कानात नाव त्यांनीच सांगितलं होतं.

"बारशाचे फोटो? आहेत ना, थांब, जुन्या फोनमध्ये असतील. काय झकास झालं होतं गं बारसं! तुझ्या अंगात ताप होता, तुला शुद्ध कुठे होती. आईने एकटीने सगळं निभावलं. वाटाण्याची उसळ, वडे, आणि मला मेल्या बायकांनी पाठीत एवढे गुद्दे घातले की दोन दिवस कुबड काढून चालत होते."

"ताई, बाळ कसं दिसत होतं?"

"म्हणजे?"

"रंग, नाक, केस. काहीही."

"छान होतं की," त्या म्हणाल्या. मग आवाज जरा उतरला. "मला कान आठवतो. नाव सांगायला वाकले ना, तर ओठांना गार लागला. मला वाटलं पोर भिजलंय. आईला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, सांग लवकर नाव आणि हो बाजूला."

संध्याकाळी फोटो आले. फार नव्हते. चाळीतली पुढची खोली, माळ्याच्या कडीला टांगलेला पाळणा, झेंडूच्या माळा. पहिल्या फोटोत बायका वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून देत होत्या. त्याला लाल कुंची घातलेली, काजळाचे डोळे काढलेले. त्यात नवल काही नाही. पोर दगडासारखं टणक व्हावं, त्याला आयुष्य मिळावं म्हणून आधी वरवंट्याला पाळण्यात निजवायचं, मग तो काढून घ्यायचा, मग बाळ ठेवायचं आणि मग नाव. घरोघरी असंच होतं.

दुसऱ्या फोटोत शुभाताई पाळण्यात वाकल्या होत्या. बायका हसत होत्या, मुठी उगारलेल्या होत्या. मागे भिंतीवर थर्माकोलची अक्षरं उघडी झाली होती: प्रांजल. नाव सांगून होत होतं. शुभाताईंच्या कोपराखालून पाळण्याचा आतला भाग दिसत होता.

प्रेमाने फोटो मोठा केला. लाल कुंची होती. काजळाचे दोन ठिपके होते. मधे काळा, गुळगुळीत दगड होता.

तिने फोन जयवंतच्या हातात दिला. त्याने पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"वरवंटा काढायचा राहिला असेल," तो म्हणाला. "घाईगर्दीत राहतं. ताई आहेच वेंधळी."

"मग बाळ कुठे होतं?"

"आत असेल. झोपलं असेल. प्रेमा, एका फोटोवरून काय डोकं लावतेस?" असं म्हणून तो हसला. पण फोन त्याने पालथा करून टेबलावर ठेवला.

तिसरा फोटो प्रेमाचाच होता. नाव ठेवल्यानंतरचा. खुर्चीत बसलेली, शाल पांघरलेली, तापाने डोळे खोल गेलेले. मांडीवर लाल कुंची. ती दोन्ही हातांनी धरली होती आणि मनगटांच्या शिरा ताणल्या होत्या. पाण्याने भरलेली कळशी धरावी तसं धरलं होतं तिने ते.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून लवकर येऊन, घरात कुणी नसताना ती बाल्कनीत गेली. रस्त्यापलीकडे दुसऱ्या टॉवरचा पाया खणत होते, त्या मशीनचा धडधडाट दिवसभर चालू असायचा. तिने पाट्यावर हात ठेवला. मधला भाग वापरून खोलगट झाला होता. उन्हं थेट पाट्यावर होती, शेजारची कुंडी चटका लागावा इतकी तापली होती. पाटा गार होता.

पाटा होता, पण वरवंटा कुठे होता?

शिफ्टिंगमध्ये हरवला, असं ती सगळ्यांना सांगायची. आता तिने नीट आठवून पाहिलं. हर्षदच्या बाळंतपणात खोबरं-खसखस त्याच वरवंट्याने वाटली होती. प्रांजलच्या बारशाच्या आदल्या दिवशी सोनूबाईंनी तो घासून, धुऊन, हळदकुंकू लावून ठेवला होता. त्यानंतर? त्यानंतर कधीच नाही. बारशानंतर काही दिवसांतच सोनूबाईंनी हौसेने मिक्सर आणवला होता. ज्या बाईने आयुष्यभर मिक्सरच्या वाटणाला नावं ठेवली, त्या बाईने.

"आई, काय बघतेस?"

प्रांजल दारात उभी होती. दप्तर खांद्याला. दार उघडल्याचा आवाज मशीनच्या धडधडाटात बुडाला असणार.

"काही नाही गं. धूळ किती बसते."

"मी पुसते," म्हणून तिने ओढणीच्या टोकाने पाटा पुसला आणि त्यावर बसली. ती त्या खोलगट जागेत नेमकी मावली. मग तिने वर बघितलं. "डबा मिळणार का परत?"

"बघू. तो माणूस म्हणतोय प्रयत्न करतो."

"नाही मिळाला तरी चालेल ना? आपण आहोत की सगळे."

म्हटलं तर किती समजूतदार बोलणं! आपण आपल्याच पोरीचा संशय घेतोय, आपल्याला लाज वाटली पाहिजे, असं तिने स्वतःला बजावलं. तरी स्वयंपाकघरात जाईपर्यंत तिने बाल्कनीकडे पाठ केली नाही.

६

चंद्रप्रकाशचा फोन शाळेत असताना आला.

"मॅडम, झालं तुमचं काम. बरेच फोटो तुटलेत, पण एक व्हिडिओ पूर्ण आलाय. बारशाचा. आवाजपण एकदम क्लियर. डब्यात परत भरून पाठवलाय, माणूस निघाला. माझ्याकडे मी कुणाचं काही ठेवत नाही, नीट सांभाळा."

"थँक यू," प्रेमा म्हणाली.

"एक विचारू का मॅडम? राग नका मानू." तो घुटमळला. "ते बाळ नंतर ठीक होतं ना? चेक करताना मी सगळं ऐकलं. खूप रडतंय हो ते मागे. आतल्या खोलीत. आणि कुणी जातच नाही त्याच्याकडे."

प्रेमाने फोन ठेवला. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रिक्षात बसल्यावर तिने हर्षदला फोन लावला. बारशाच्या वेळी तो आठ वर्षांचा होता.

"मला काय आठवणार यार," हर्षद म्हणाला. "मी वडे खात होतो." मग म्हणाला, "हां, एक आठवतं. आतल्या खोलीला पडदा होता ना? आजी मला तिकडे जाऊ देत नव्हती. मी पडद्याला हात लावला तर जोरात ओढलंन मला. का गं?"

"काही नाही," प्रेमा म्हणाली. "जेवलास का?"

७

माणूस डबा देऊन गेला. प्रेमाने दाराला कडी लावली नाही, प्रांजलची क्लासमधून यायची वेळ होत आली होती. तिने डबा जोडला, हिरवा दिवा लागला, आणि तिने टीव्हीवर बारसं लावलं.

जयवंतचा चुलतभाऊ राजेश याने ते शूटिंग केलं होतं. तीच खोली, तोच पाळणा. बायकांचा कलकलाट, आणि कलकलाटाच्या खाली ते रडणं. चंद्रप्रकाश खोटं बोलला नव्हता. तान्ह्या पोराचं, श्वास कोंडून पुन्हा सुरू होणारं रडणं. ते ऐकल्याबरोबर प्रेमाची छाती दाटून आली. बारा वर्षांनी. आवाज तिच्या अंगाने ओळखला, आणि ती अजून नाही म्हणत होती.

वरवंटा पाळण्यात निजला. कुणीतरी म्हणालं, "चला, आता बाळ आणा." सोनूबाई उठल्या, पडद्याजवळ गेल्या, पडदा बोटभर सरकवून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पडदा होता तसा सारखा केला आणि रिकाम्या हातांनी परत आल्या.

"होऊंदे आता," त्या म्हणाल्या. "शुभा, घे नाव."

कुणी काही विचारलं नाही. शुभाताई पाळण्यात वाकल्या. कुर्रर्र केलं. गुद्दे, हसणं, टाळ्या. रडणं चालूच.

खुर्चीतली प्रेमा पडद्याकडे बघत होती. ती उठायला गेली. सोनूबाईंनी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि पाळण्यातली लाल कुंची उचलून तिच्या मांडीवर ठेवली. मांडी खचली. प्रेमाने खाली बघितलं. कुंचीच्या काठातून काहीतरी बाहेर आलं, काळसर, लहान, आणि तिच्या बोटाभोवती हळूहळू आवळलं गेलं. प्रेमाच्या चेहऱ्यावरची ओढ गेली आणि ती हसली. एवढ्यात राजेशने कॅमेरा वड्यांच्या परातीकडे वळवला.

सोफ्यावरची प्रेमा तोंडावर हात दाबून बसली होती.

कॅमेरा भिरभिरत पुन्हा फिरला. चित्राच्या कोपऱ्यात पडदा होता आणि पडद्यापाशी छोटा हर्षद उभा होता. त्याने पडदा मुठीत धरला होता. व्हिडिओ अजून बराच बाकी होता. तो पडदा आता सरकणार होता, आत कोण होतं ते दिसणार होतं, आणि त्याचं पुढे काय झालं तेही कदाचित.

बाहेर लिफ्ट कण्हली.

दार उघडलं, चपला काढल्याचा आवाज आला. प्रेमाने टीव्ही बंद केला नाही. पावलं तिच्या मागे येऊन थांबली. मग तो तळवा आला, कपाळावर, नेहमीसारखा. गार. ठणका उतरायला लागला. प्रेमाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मागे उभ्या असलेल्या मुलीने एक शब्द विचारला नाही.

ही माझी आहे, प्रेमाच्या मनात आलं. हिला मी न्हाऊ घातलं, हिच्या वेण्या घातल्या, हिला अक्षर गिरवायला शिकवलं. ही माझी आहे. आणि ते जे रडतंय, तेही माझंच आहे.

पडदा हलला.

प्रेमाने समोरचा चष्मा उचलून डोळ्यांना लावला. फोनमध्ये डब्याचा तो प्रश्न जिथून आला होता ती जागा शोधली. तोच प्रश्न आला, डिस्क पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची का? या वेळी तिने बारीक अक्षरंही वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. सगळं जाईल. परत मिळणार नाही. टीव्हीवर बाळाने श्वास घेतला आणि पुन्हा टाहो फोडला.

या वेळी हो म्हण असं तिला कुणीही सांगितलं नाही.

तिने हो म्हटलं. रडणं मध्येच तुटलं. टीव्ही काळा झाला, आणि त्या काळ्या काचेत सोफ्यावरची प्रेमा दिसली. तिच्या मागे काय उभं आहे ते दिसायच्या आधी तिने डोळे मिटून घेतले.

तळवा कपाळावरून निघाला.

"झोपलं एकदाचं," प्रांजल म्हणाली, आणि बाल्कनीत पाट्यावर जाऊन बसली.